दगड वाचणारे मिस्टर फुंग

घराण्याचा इतिहास शोधायला कुणी मदत मागितली, की मिस्टर फुंग यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "तुमच्यातलं इथे सगळ्यात आधी कोण वारलं?"

माणसं दचकत. ती बिचारी मोठमोठ्या फायली घेऊन आलेली असत. पणजोबांचं लग्नाचं सर्टिफिकेट, जहाजावरच्या खलाशांच्या यादीची झेरॉक्स, कुठल्याशा लाँड्रीसमोर उभ्या असलेल्या टोपीवाल्या माणसाचा फोटो. मिस्टर फुंग दोन बोटांनी फाइल बाजूला सरकवत. "हे नंतर बघू, लव्ह. आधी कबर कुठे आहे ते सांगा."

फुंग हे त्यांचं खरं नाव नाही. मी बदललं आहे. लायब्ररी कुठली, गाव कुठलं, हेही सांगणार नाही. मँचेस्टरहून ट्रॅमनं तिथे जाता येतं, एवढं पुरे.

त्या लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर स्थानिक इतिहासाची एक खोली आहे. जुने कागद स्कॅन करून त्यांची यादी करायचं काम मला तिथे मिळालं. मिस्टर फुंग मंगळवारी आणि गुरुवारी येत. पगार नाही, स्वखुशीचं काम. या देशात आलेल्या चिनी कुटुंबांचे वंशज कुठून कुठून येत आणि आपल्या आजोबांचं मूळ गाव विचारत. चिनी अक्षरं वाचता येणारा त्या इमारतीत हा एकच माणूस होता.

तीस वर्षं त्यांनी टेकअवे, म्हणजे तयार जेवण बांधून देणारं दुकान चालवलं होतं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तेलाच्या चटक्यांचे पांढरट व्रण होते. दुकानाची सवय म्हणून ते सगळ्यांना लव्ह म्हणत. मला, लायब्ररीच्या मॅनेजरला, एकदा तर चर्चच्या पाद्रीबाबांनाही. नुसतं गरम पाणी पीत. लिहायचं ते पेन्सिलीनं. बसायचं ते नेहमी दाराकडे तोंड करून. नवीन माणूस आत आला की आधी त्याच्या बुटांकडे पाहत, मग चेहऱ्याकडे. टेबलावरचा फोन वाजला तर कधी उचलत नसत. "माझ्यासाठी नसेल," म्हणत.

कागद आणि दगड यांच्याबद्दल त्यांचं एक मत होतं आणि ते येईल त्याला ऐकवत. "कागद दारावरच्या साहेबासाठी असतो. दगड घरच्यांसाठी असतो. कागदावर लोक खोटं लिहितात, कारण साहेब जिवंत असतो. दगडावर लिहीत नाहीत, कारण पूर्वज बघत असतात."

हे खरं कसं, ते मी त्यांच्याबरोबर कब्रस्तानात गेल्यावर पाहिलं. स्टॉकपोर्टहून एक तरुण आला होता. प्लंबर होता, चिनी भाषेचा एक शब्द येत नव्हता. आजोबांचं आडनाव चान, सगळे कागद चान या नावाचे. मिस्टर फुंग यांनी बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं, कारण ओला दगड लवकर वाचता येतो. मग वाकून, एकेका अक्षरावरून बोट फिरवत वाचलं. वाचून झाल्यावर बराच वेळ ते उठलेच नाहीत.

"तुझे आजोबा चान नव्हते," ते म्हणाले. "इंग्रजी ओळीत चान आहे. वरच्या चिनी ओळीत दुसरंच आहे. गावही दुसरं."

"म्हणजे चूक झाली?"

"चूक नाही. येताना दुसऱ्याच्या कागदावर आले. तेव्हा बरेच येत."

तो मुलगा खूश झाला. खिशातून फोन काढून फोटो घेऊ लागला. "माझ्या आत्याला पाठवतो. वंशवृक्षाच्या वेबसाइटवर टाकायला हवं हे."

मिस्टर फुंग यांनी त्याच्या फोनवर तळहात ठेवला. असं कुणाला हात लावताना मी त्यांना एरवी पाहिलं नव्हतं. "वहीत लिही," ते म्हणाले. "मशीनमध्ये नको."

"अहो, पण आजोबा वारून चाळीस वर्षं झाली!"

"तुझे वडील आहेत ना? कुणाचा मुलगा म्हणून त्यांना पासपोर्ट मिळाला?"

मुलगा हसायचा थांबला. फोन त्यानं खिशात ठेवला. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसांना उगाच भीती वाटते.

माझं गाव मंठा. वडील एसटी डेपोत हेल्पर, आई अंगणवाडीत. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. परदेशी शिकायला मिळालं ते स्कॉलरशिपवर आणि शिकवणाऱ्यांच्या कृपेवर. पण त्याआधी जात पडताळणीसाठी वडिलांनी जे हेलपाटे घातले ते मी विसरलेले नाही. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, तलाठ्याकडची जुनी नोंद, वंशावळ, तिच्यावर शपथपत्र. तहसीलमधल्या एका बाबूनं आमचा अर्ज तीनदा परत केला होता, कारण एक रकाना कोरा राहिला होता. तेव्हापासून आमच्या घरचा नियमच झाला, अर्जात कोरं काही सोडायचं नाही. लागू नसेल तर तसं लिहायचं, पण जागा भरायची.

हे मी मिस्टर फुंग यांना सांगितलं होतं. वडिलांची जन्मतारीख एक जून आहे, काकाचीही एक जून, शेजारच्या तिघांचीही एक जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांची तीच लिहून टाकली, हे ऐकून ते खदखदून हसले. इतकं हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग पकडलं नाही कुणी?"

"कुणाला पकडणार? गुरुजींना?"

"तुझ्या वडिलांना."

"छे हो! सगळ्या गावाला माहीत आहे."

"सगळ्या गावाला माहीत आहे," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करू लागले.

माझ्यावर त्यांचे उपकार होते. पहिल्या वर्षाच्या शेवटी माझं कंत्राट संपत होतं. नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता आणि मी मंठ्याला परत. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एका गुरुवारी मिस्टर फुंग मॅनेजरच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सुवर्णा गेली तर मीही येत नाही, लव्ह." एवढंच. बाहेर येऊन गरम पाणी पीत बसले. दोन आठवड्यांनी माझं कंत्राट वाढलं.

अशा माणसाला आपण काय देणार? त्यांचा सत्तरावा वाढदिवस येत होता. इतक्या लोकांना त्यांनी त्यांचं मूळ गाव शोधून दिलं, स्वतःच्या घराण्याबद्दल मात्र कधी चकार शब्द काढला नाही. त्यांची मुलगी केरन शाळेत गणित शिकवते. अस्सल मँचेस्टरी बोलणारी, मोकळी बाई. मी तिला म्हटलं, आपण त्यांची वंशावळ तयार करू. आमच्याकडे हा कागद मिळाला की माणसं पेढे वाटतात. तिला कल्पना फारच आवडली. "डॅड मला काहीच सांगत नाही गं. विचारलं की म्हणतो, आम्ही गरीब होतो, गरिबांना इतिहास नसतो."

केरननं मला तिच्या आईच्या कबरीवर नेलं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. काळा, गुळगुळीत दगड. इंग्रजीत एकच ओळ, केरनच्या आईची. बाकी सगळं चिनी. डावीकडे सोनेरी अक्षरांत तिचं नाव आणि उजवीकडे लाल अक्षरांत दुसरं एक नाव. लाल म्हणजे काय ते मिस्टर फुंग यांनीच मला दुसऱ्या एका कबरीपाशी शिकवलं होतं. नवराबायकोचा दगड एकच असतो. जो मागे राहिला त्याचं नावही तेव्हाच कोरतात, पण लाल रंग भरतात. तो गेला की लाल पुसून सोनेरी करायचं.

म्हणजे हे मिस्टर फुंग यांचं नाव.

केरनला चिनी वाचता येत नव्हतं. मलाही नाही. पण फोनला येतं. मी कॅमेरा धरला. अक्षरांवर इंग्रजी अक्षरं थरथरत उमटली. आडनाव लो. पुढची दोन अक्षरंही वेगळी. फुंग कुठेच नाही.

"जुनं नाव असेल," केरन म्हणाली. "किंवा चिनी लोकांची आणखी काही भानगड. आईला तीन नावं होती."

मला वाटलं दत्तक गेले असतील. आमच्याकडे दत्तक जाऊन आडनाव बदललेली माणसं आहेत. स्टॉकपोर्टचा प्लंबर मला त्या क्षणी आठवला का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आठवला होता. पण तो दुसऱ्याच्या आजोबांचा प्रश्न होता, आणि मी भेटवस्तूच्या आनंदात होते.

मिस्टर फुंग लहानपणी या देशात आले तेव्हाची सरकारी फाइल मिळाली तर मूळ गाव कळलं असतं. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो आणि ज्याची फाइल त्याची सही लागते. डॅडची सगळी कागदपत्रं केरनच पाहायची. बसपासच्या कागदांत तिनं हा अर्ज घातला आणि त्यांनी न वाचता सही केली. अर्ज मी भरला. त्यात एक रकाना होता: याआधी वापरलेली किंवा अन्य नावे. मी तिथे दगडावरचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. कोणत्या आधारे, या रकान्यात 'कबरीवरील लेख' असं लिहिलं आणि फोटो जोडला. एकही जागा कोरी सोडली नाही.

वाढदिवसाला केरननं लांब नूडल्स केल्या होत्या. त्या दिवशी त्या तोडत नाहीत, दीर्घायुष्यासाठी. जेवता जेवता आम्ही त्यांना फाइल दिली. पहिल्या पानावर मी वंशवृक्ष काढला होता. सर्वांत खाली केरन, वर आईवडील, वडिलांच्या नावाखाली कंसात दुसरं नाव. त्याच्या वरची जागा रिकामी होती.

त्यांनी पान पाहिलं. ओठांतली नूडल तशीच लोंबत राहिली. मग त्यांनी ती दातांनी तोडली.

"हे कुणी वाचलं?"

"फोननं," मी म्हणाले. हसत म्हणाले. "आता कुणालाही वाचता येतं, मिस्टर फुंग. आणि वरची जागाही भरेल. आम्ही सरकारी फाइल मागवलीये."

"पाठवलं?"

"तीन आठवडे झाले."

"हे नाव त्यात आहे?"

"आहे ना."

त्यांनी फाइल बंद केली, केरनकडे पाहून छान झालंय म्हणाले आणि केक कापला. मला वाटलं, भरून आलं असेल. पण निघताना दारात त्यांनी माझा कोट मला घालायला दिला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मंगळवारी लवकर ये."

मंगळवारी लायब्ररी उघडायच्या आधी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी सगळं दहा मिनिटांत सांगितलं. आवाज चढवला नाही.

फुंग नावाचे एक गृहस्थ इथे हॉटेलात स्वयंपाकी होते. आपल्या मुलाला बोलावून घ्यायला त्यांनी कागद तयार केले. कागद पोचायच्या आत मुलगा तापानं गेला. "कागद तयार, मुलगा नाही," मिस्टर फुंग म्हणाले. "आमच्या घरी मुलगा होता, कागद नव्हता. मी अकरा वर्षांचा होतो. आईनं सांगितलं, आजपासून कुणी जुन्या नावानं हाक मारली तर मागे वळून बघायचं नाही."

"आणि ते फुंग?"

"मी त्यांना बाबा म्हणालो. माणूस चांगला होता. वर्षातून एक दिवस मात्र माझ्याशी बोलत नसे. त्याच्या मुलाचा दिवस."

पुढे त्याच नावावर शाळा, लग्न, दुकान, पासपोर्ट. खरं फक्त बायकोला माहीत होतं. मरताना तिनं एकच मागितलं. परक्याच्या मेलेल्या मुलाशेजारी मी झोपणार नाही, दगडावर तुझं नाव घाल. "मी विचार केला, या गावात चिनी कोण वाचतंय? जो वाचेल तो आपलाच असेल."

मी म्हणाले, "मी अर्ज मागे घेते."

"गेलेला कागद परत येत नाही, लव्ह. तुझ्या तहसीलमध्ये येत होता, कारण त्यात काही राहिलेलं असायचं." ते चिडले असते तर बरं झालं असतं. "केरनला सांगू नकोस. माहीत नसलेला माणूस खोटं बोलत नाही."

ते गुरुवारीही आले, त्यानंतरही येत राहिले. पण दाराकडे तोंड करून बसायचं त्यांनी सोडलं. दाराकडे पाठ करून, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसत. कुणी चिनी कुटुंब आलं तर दगड वाचायला जायचं टाळत, गुडघा दुखतो म्हणत. दार वाजलं की त्यांची मान ताठ होई, पण ती वळत नसे.

पत्र दोन महिन्यांनी आलं. लहानसंच. दोन नावांबाबत खुलासा करावा, मूळ कागदपत्रं सादर करावीत. केरन मला फोनवर म्हणाली, "काहीतरी घोळ झालाय, आपण वकिलाकडे जाऊ. फॉर्म तू भरलास, तूही ये."

वकीलबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "मिस्टर फुंग, तुम्ही मला सांगाल तेच मी कळवणार. म्हणून उत्तर द्यायच्या आधी ऐका. दगडावरचं नाव तुमचं असेल, तर तुमचं नागरिकत्व दुसऱ्याच माणसाच्या ओळखीवर मिळालंय, असं ते म्हणू शकतात. ते काढून घेऊ शकतात. मग इथे राहायचा हक्क, पेन्शन, सगळ्याचाच प्रश्न येतो. मुलीच्या कागदांबद्दलही विचारतील. नाव तुमचं नसेल, तर तसं लिहून द्यावं लागेल."

"दगड कोरणाऱ्या मेसनची चूक आहे ती," केरन म्हणाली. "हो ना, डॅड? त्या म्हाताऱ्या मेसनला नीट दिसत नव्हतं, तूच म्हणाला होतास."

मिस्टर फुंग टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहत होते. बाहेर कुठेतरी लॉरी मागे घेत असल्याचा टूं टूं आवाज येत होता. त्यांनी हात टेबलावरून खाली घेतले.

"हो," ते म्हणाले. "म्हातारा होता."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला चिनी वाचता येतं?"

"नाही."

"मग हे नाव?"

"फोननं वाचलं."

"फोन चुकू शकतो?"

"चुकू शकतो," मी म्हणाले. यात एकही शब्द खोटा नव्हता. माझा व्हिसा पुढच्या वसंतात संपत होता, हेही तेव्हा माझ्या डोक्यात होतं. लपवून काय उपयोग?

त्यांनी ते टिपून घेतलं आणि पेन ठेवलं. "एक प्रश्न ते नक्की विचारतील. चूक होती तर सहा वर्षं तशीच का ठेवली?"

केरन लगेच म्हणाली, "तर मग दुरुस्त करून घेऊ." तिला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. कसं वाटणार? कब्रस्तानाच्या कचेरीची परवानगी तिनंच आणली, नवा मेसनही तिनंच ठरवला. मला तिनं एवढंच सांगितलं, "वकील म्हणतात, सरकारचं उत्तर येईपर्यंत तू डॅडला भेटू नयेस. पण दगडाचं काम असेल त्या दिवशी ये हवं तर, त्याला बरं वाटेल."

मी गेले. थंडी होती, गवत ओलं होतं. मेसन चाळिशीचा, अंगानं आडवा, गप्पिष्ट. त्यानं केरनच्या आईचं नाव कापड लावून झाकलं, डोळ्यांना चष्मा चढवला आणि यंत्र सुरू केलं. मिस्टर फुंग दगडापासून दोन पावलांवर उभे होते. यंत्राचा आवाज कानठळ्या बसवणारा होता. लाल रंग आधी गेला. मग अक्षरं उथळ होत गेली, मग त्यांच्या खुणा राहिल्या, मग त्याही गेल्या. पांढरी धूळ वाऱ्यानं त्यांच्या कोटावर, भुवयांवर बसत होती. केरननं त्यांना मागे ओढायचा प्रयत्न केला. ते हलले नाहीत.

यंत्र थांबल्यावर त्यांनी पुढे होऊन घासलेल्या जागेवर तळहात ठेवला. लेकराचा ताप बघावा तसा. मग बायकोच्या नावावरचं कापड स्वतः काढलं, घडी केली आणि तीनदा वाकून नमस्कार केला. तिची काय समजूत घातली, ते त्यांनाच माहीत.

"झाडून टाकू का, डॅड?" केरन धूळ झटकायला पुढे झाली.

"राहू दे."

हे मी मराठीत लिहिते आहे म्हणून कुणाला वाचता येणार नाही, असं समजण्याइतकी मी आता भोळी राहिलेली नाही. नावं, गावं सगळं बदललं आहे. तरी लिहिताना दोनदा थांबले. पण ज्या माणसानं एवढ्या लोकांची घरं शोधून दिली, त्याच्याबद्दल कुणीच कुठे लिहू नये, हेही मला सोसवेना.

मेसन आपली हत्यारं आवरत होता. रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "गुळगुळीत झालंय बघा. आता इथे बरोबर नाव कोणतं घालायचं ते लिहून द्या. आलोच आहे तर आखून ठेवतो."

केरननं पर्समधून पेन काढलं आणि वडिलांपुढे धरलं.

मिस्टर फुंग यांनी ते घेतलं नाही. "उत्तर आल्यावर कळवतो, लव्ह," ते मेसनला म्हणाले, आणि ओल्या गवतातून एकटेच गाडीकडे चालू लागले.